बरकडे सरांची जागल

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी विचारलं, "काकू, झोप कशी आहे?" मी सहज बोलून गेले, "जागले कमी झालेत हो, पण जे उरलेत ते लई आगाऊ झालेत." डॉक्टर तरुण. त्यानं लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि माझ्या मुलीकडं बघितलं, म्हातारीचं काही बिनसलंय का म्हणून. मुलगी म्हणाली, "तसं काही नाही. ती बरकडे सरांच्या भाषेत बोलतेय." बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर, क्रांती चौकातल्या त्या गर्दीत मला एकदम हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. सर जाऊन तीन वर्षं झाली. मी अजून त्यांचेच शब्द वापरते.

जागल म्हणजे राखण. आमच्याकडं कणसं भरली की शेतातल्या माळ्यावर, मचाणावर बसून करतात ती जागल, आणि मेंढरं रानात बसली की लांडग्याची चाहूल घेत जो जागा राहतो तो जागल्या. तुळशीराम बरकडे वेरूळच्या पलीकडच्या एका वाडीतले, मेंढपाळाच्या घरचे. त्यांच्या घरातला पहिला शिकलेला माणूस. आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे. माणसाच्या मेंदूत जाग सांभाळणाऱ्या काही पेशी असतात, त्यांना पुस्तकात इंग्रजी नाव आहे. सर ते नाव फळ्यावर एकदा लिहायचे, पुसायचे आणि म्हणायचे, "परीक्षेत इंग्रजी लिहा. इथं आपण त्यांना जागले म्हणू."

मग सांगायचे. "मेंदूच्या पार तळाशी बसलेत. अब्जावधींच्या वस्तीत मोजके काही हजार. पण ते बसलेत म्हणून तुम्ही आत्ता जागे आहात. मागच्या बाकावरचे सोडून." असं म्हणताना चेहऱ्यावर रेघ हलायची नाही. "त्यांना कामं तीन. जाग धरून ठेवायची, अंग हलतं ठेवायचं, आणि आतली चूल पेटती ठेवायची. भूक लागली की हेच उठवतात, भाकरी शोधायला हेच पळवतात, खाल्लेलं जाळायलाही हेच सांगतात. जागला उठून गेला की नुसती झोप येत नाही. चूल पण मंदावते, अन् माणूस थोडं खाऊनही सुटत जातो."

स्वतः सर सुटलेलेच होते. डबा बघावा तर दीड भाकरी आणि ठेचा, पण पोट शर्टाच्या गुंड्यांशी भांडायचं. स्टाफरूममध्ये मागं बोललं जायचं, "बसून खातो, निजून पचवतो." हे वाक्य मी केलेलं आहे. अशी वाक्यं करण्याबद्दल माझी ख्याती होती.

मी काळे. वनस्पतिशास्त्राची. माहेर गंगापूरकडचं, बागायतदार. आमच्या रानात उन्हाळ्यात खतासाठी मेंढरं बसवायचे ती सरांसारख्याच घरातली माणसं, त्यामुळं सुरुवातीला माझ्या बोलण्याला जरा पाटीलकीचा वास होता, हे आधीच कबूल करते. दुसरं म्हणजे मी नकला करायची. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत कुणाला सोडलं नाही. मधल्या सुट्टीत चहा आला की कुणीतरी म्हणायचंच, "काळे मॅडम, होऊ द्या." आणि मी तोंड उघडलं रे उघडलं की बरकडे सर उठायचे, खिशात हात घालायचे आणि बाहेर चालते व्हायचे. दर वेळी. सोळा-सतरा वर्षं.

त्या खिशात काय असायचं ते सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. हिरवी मिरची. वहीच्या कागदात गुंडाळलेल्या दोन-तीन लवंगी मिरच्या, रोज. शिकवता शिकवता मध्येच कचकन एक चावायचे. डोळ्यांत पाणी, नाकाचा शेंडा लाल, आणि व्याख्यान पुढं चालू. खुर्चीवर कधी बसायचे नाहीत. पाठीला टेकू मिळाला की काही खरं नाही, असं म्हणायचे. दुपारी एकच्या सुमारास प्रयोगशाळेतल्या मागच्या खोलीत बाकावर बरोबर दहा मिनिटं झोपायचे आणि मुश्ताकभाई दाराशी स्टूल टाकून बसायचे. मुश्ताकभाई आमचे प्रयोगशाळा परिचर, सरांच्याच वयाचे. कुणी विचारलं, "सर कुठंत?" की ते म्हणायचे, "सर मीटिंग में हैं."

आणि हसणं! सरांना हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं. पोरं त्यांना 'सुतकी सर' म्हणायची. वर्गात कुणी फालतूपणा केला तर सर पंख्याकडं बघत झुरळाच्या पायाचे भाग पुटपुटायला लागायचे. पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुन्हा पहिल्यापासून. आम्हाला वाटायचं, राग गिळतायत. मला वाटायचं, माणूस माझा राग राग करतो. आपण एवढं जीव तोडून हसवावं आणि एका माणसानं तोंड फिरवून निघून जावं, हे हसवणाऱ्याला फार लागतं. मला ते वर्षानुवर्षं लागत राहिलं.

प्रयोगशाळेत सरांचे पांढरे उंदीर होते. प्रत्येकाच्या पिंजऱ्यात पळायला एक चाक. वाळूजला कंपनीत लागलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं भंगारातली बेअरिंगं आणून ती चाकं बसवून दिली होती, आणि प्रत्येक चाकाला सायकलचं अंतर मोजायचं जुनं मीटर. रोज सकाळी पोरांनी आकडे वाचायचे आणि 'जागलीची वही' नावाच्या लांबलचक वहीत भरायचे. तरणे उंदीर एका दमात पळायचे, एका दमात झोपायचे. 'आक्का' नावाची एक म्हातारी उंदरीण होती. ती जरा पळायची, थांबायची, डुलकी घ्यायची, दचकायची, पुन्हा दोन फेऱ्या.

"बघा आक्काकडं," सर म्हणायचे. "वय झालं की जागले कमी होतात. पण उरतात ते भित्रे अन् आगाऊ. पान हललं की आरोळी ठोकतात. म्हाताऱ्याला झोप कमी लागते म्हणतात ना लोक? चूक. झोप पाहिजेच असते. हे टिकू देत नाहीत. अन् झोप तुटली की अंग जड, चाल कमी, खाल्लेलं अंगी लागत नाही. म्हातारपण कुठून आत शिरतं ते बघायचं असेल तर ह्या चाकाकडं बघा." आता माझं सगळं आक्कासारखं झालंय, म्हणून हे अक्षर न् अक्षर आठवतं.

रविवारी त्यांच्याकडं वाळूजच्या बजाजनगरातून माणसं यायची. शिफ्टवाले. एक आठवडा दिवसाचा, एक आठवडा रात्रीचा, पोट सुटलेलं, डोळे खोल गेलेले. शहर तेव्हा वाळूजच्या बाजूनं नुसतं धावत होतं आणि ही माणसं त्या धावण्याला जुंपलेली. "सर, झोपच येईना झाली." सर त्यांना उभ्या उभ्या तासभर समजावायचे. दिवसा निजायचं तर खिडकीला काळं कापड लावा, शिफ्ट सुटल्यावर भरपेट खाऊ नका, जागल्यांना रोज नवी वेळ सांगितली तर ते तरी काय करतील. एकानं एकदा विचारलं, "सर, तुम्हाला येती का हो झोप?" सर म्हणाले, "येते. लई प्रामाणिकपणे येते." आणि मिरची चावली.

मग तो दुष्काळ आला. जायकवाडी तळाला गेलं, शहरात नळाला कधी आठव्या दिवशी पाणी, तर कधी दहाव्या. गावाकडची माणसं जनावरं छावणीला बांधून शहराच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांत येऊन राहायला लागली. कॉलेजला टँकर यायचा. प्राचार्य म्हणाले, "माणसांना पाणी नाही आणि उंदरांना कसलं देता?" दुसऱ्या दिवसापासून सर स्कूटरच्या डिकीत घरचं पाणी दोन बाटल्यांत आणायला लागले. एक उंदरांची, एक स्वतःची. दुपारपर्यंत दोन्ही उंदरांच्याच व्हायच्या.

त्याच वर्षी आमच्या प्राचार्यांनी कॉलेजच्या आवारात नव्या नळाचं उद्घाटन केलं. पाण्याची लाइन जोडली होती, पाणी नव्हतं. तरी मुहूर्त सोडायचा नाही म्हणून पांढरा सफारी घालून आले, नळाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि "म्हणजे काय, की, पाणी हा विषय आपण हवेवर सोडलेला नाही" असं म्हणून तोटी फिरवली. आत कोंडलेली हवा होती. नळ असा काही शिंकला, की वाहिलेलं सगळं कुंकू उडून सफारीवर. आणि प्राचार्य तसेच, कुंकवानं माखलेले, गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे काय, की, सुरुवात तर झाली."

देवानं अशी नक्कल हातात आणून द्यावी आणि मी करू नये? स्नेहसंमेलनात दुपारच्या कार्यक्रमात मी ती केली. प्राचार्य नेमके संस्थेच्या पाहुण्यांना आणायला गेले होते. त्या दिवशी पंचवीस वर्षं पुरी केलेल्यांचा सत्कार होता, त्यामुळं बरकडे सर पहिल्या रांगेत, गळ्यात हार, दोन्ही बाजूंना माणसं. उठायला जागा नाही. मी स्टेजवरून बघत होते. ते पंख्याकडं बघत होते, ओठ हलत होते. मनात म्हटलं, आज कुठं जाताय सर! आणि नळाची शिंक मी सरळ त्यांच्याकडं तोंड करून काढली.

सरांची मान लटकली. मग गुडघे गेले. खुर्चीवरून घसरून ते सतरंजीवर आले, जबडा ढिला, पापण्या अर्ध्या, आणि उठवायला गेलेल्यांना काहीतरी बोलायला लागले ते नुसतं लडबडलेलं. मागून कुणीतरी ओरडलं, "प्यायलेत!" तेवढ्यात प्राचार्य पाहुण्यांना घेऊन दारात हजर. दोनेक मिनिटांत सर उठले, हार काढला, कुणाशी न बोलता निघून गेले. एवढ्या लवकर कुणाची उतरते का, हा प्रश्न त्या गर्दीत एकालाही पडला नाही.

चौकशी लागली. स्टाफतर्फे तक्रारअर्ज करायचा ठरला आणि अक्षर चांगलं म्हणून लिहायला मला बसवलं. 'मद्यधुंद अवस्थेत' असं मी लिहिलं. शेजारच्यानं धु दीर्घ असतो म्हणून हुज्जत घातली तर मी शब्दकोश काढून ऱ्हस्वच आहे हे दाखवून दिलं. शब्द शुद्ध लिहिल्याचं मला समाधान होतं. खाली पहिली सही माझी. सरांची नोकरी दीड वर्ष उरली होती. दोष शाबीत झाला असता तर सत्काराच्या हारावरच घरी जावं लागलं असतं, आणि ते जाणं कसलं, तर दारुडा म्हणून.

चौकशीच्या दोन दिवस आधी मी प्रयोगशाळेत काचपट्ट्या मागायला गेले. मुश्ताकभाई उंदरांना पाणी देत होते. वर बघितलंच नाही. मी म्हटलं, "मुश्ताकभाई, रागावलात का?" बाटली खाली ठेवून ते म्हणाले, "मॅडम, तुम हसाते, वो गिरते. इत्ती सी बात है. बीस साल से देख रा हूँ मैं. हसी आई के घुटने गए. शराब? अरे, वो आदमी चाय नै पीता!"

मला काही कळेना. मग त्यांनी मागची खोली उघडून दाखवली. बाकाच्या दोन्ही बाजूंना खाली जुन्या गाद्या अंथरलेल्या, टेबलाच्या कोपऱ्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधलेले. "सर बोले, किसी को नै बताना. मैं नै बताया. आज पैली बार बताया, लिख के दे दो फिर से कंप्लेंट." काचपट्ट्या मागायच्या राहूनच गेल्या.

त्याच संध्याकाळी सरांच्या घरी गेले, हर्सूलला. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. सरूवहिनी, ठसठशीत कुंकू, नऊवारी, आवाज खणखणीत. सर आतल्या खोलीत उभे. भिंतीला हात लावून. मी अर्जाचं बोलायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, "अक्षर ओळखलं मी. सुंदर आहे."

शरमेनं मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "सर, सांगितलं का नाही कुणाला?"

"काय सांगू? जाग कशी राहते ते शिकवणारा मास्तर स्वतःच निजतो म्हणून?" मग म्हणाले, "बहात्तरचा दुष्काळ. मी सोळाचा असेन. भरदुपारी मेंढरं राखता राखता डोळा लागला. आधी कधी असं होत नव्हतं. तेव्हापासूनच सुरू झालं. मेंढरं एकाच्या चाऱ्याच्या घासात शिरली. त्या सालात हिरवं तेवढंच होतं गावात. बानं सगळ्यांसमोर फोकानं फोडलं, ते काही वाटलं नाही. पण त्या दिवसापासून मला जागलीतून काढलं. आमच्यात घरटी पाळी असते, मॅडम. माझी पाळी धाकट्या भावाला दिली. ज्याला जागल देत नाहीत, त्याच्याशी मेंढरांच्या वाड्यावर कुणी धड बोलतबी नाय." एवढी वर्षं शुद्ध बोलणारे सर शेवटच्या वाक्यात गावावर गेले होते.

"म्हणून हा विषय घेतलात?"

"कळायला पंचवीस-तीस वर्षं लागली. तोवर जगातच कुणाला माहीत नव्हतं. एकदा युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयात एका लेखाची झेरॉक्स वाचत होतो. ज्यांचे जागले मरतात त्यांना दिवसा झोप कोसळते, अंग वाढतं, अन् हसू आलं की स्नायू सुटतात. शुद्ध जात नाही. सगळं ऐकू येतं. उभ्यानं वाचत होतो, खाली बसलो. मॅडम, मी आळशी नव्हतो. बा गेला होता तोवर. सांगायचं कुणाला?"

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. माझ्यासाठी चहा, सरांसाठी पाणी. म्हणाल्या, "मला तर लग्नातच कळलं. पंगतीला म्या उखाणा घेतला, अन् हे हासले, अन् आडवेच! मांडवात बोंब, नवरदेवाला फीट आली, पोरीची फसगत झाली. माझा बा तर मला परत न्यायला निघाला व्हता."

"कोणता उखाणा?" मी विचारलं.

"नाय बाई, सांगत नाय. परत पडतील." त्यांनी पदर तोंडाला लावला. "तवापसून ह्यांच्यासमोर एक इनोद केला नाय म्या. माहेरी मी लई चावट व्हते. माझ्या बहिणी इचारतात, सरे, तुझं त्वांड कुनी शिवलं?"

मी निघाले तेव्हा सर दारापर्यंत आले. "एक सांगतो. तुम्हाला वाटत असेल, मला तुमच्या नकला आवडत नाहीत. स्टाफरूममध्ये मी फक्त तुमच्याच बोलण्याला भ्यायचो, मॅडम. बाकीच्यांच्या विनोदाला झुरळाचा पाय पुरायचा." सतरा वर्षं जे ऐकायला मी जळत होते ते हे होतं, आणि ऐकलं तेव्हा मला रडू आलं.

चौकशीला तिघं जण होते. प्राचार्य, संस्थेचे अध्यक्ष आप्पा आणि एक सेवानिवृत्त हेडमास्तर. सरांनी डॉक्टरांची चिठ्ठी आणली होती, सोबतीला मुश्ताकभाई. हेडमास्तरांनी ती वाचली आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "हसलं की पडतो? असा कुठं रोग असतो का? उद्या कुणी म्हणेल, रडलं की उडतो." सरांचा हात खिशाकडं गेला. मी उठले. म्हटलं, "तक्रार माझ्या अक्षरात आहे. शब्द शुद्ध आहे, मजकूर खोटा आहे. मी सही मागं घेते. आणि पुरावा पाहिजे असेल तर तो मीच देऊ शकते. पण सरांनी हो म्हटलं तर."

सरांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. माणसाला आपलं पडणं दुसऱ्याला दाखवायचं म्हणजे काय, ते त्या नजरेत दिसत होतं. मग त्यांनी मिरचीची पुडी टेबलावर ठेवली, चष्मा काढून मुश्ताकभाईंच्या हातात दिला आणि सावकाश खाली, फरशीवर मांडी घालून बसले. पंख्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं.

आणि मी प्राचार्यांसमोर प्राचार्यांची नक्कल केली. हळदकुंकू, नारळ, "म्हणजे काय, की," तोटी, शिंक. "सुरुवात तर झाली" म्हटलं तेव्हा सर कलंडले होते. मुश्ताकभाईंनी डोकं मांडीवर घेतलं. तोंड उघडं, चेहरा सैल, आणि हसण्याचा आवाज मात्र नाही. घशाचं बळच गेलेलं असायचं. हेडमास्तरांनी वाकून वास घेतला आणि म्हणाले, "मिरची." मग आप्पा टेबलावर डोकं टेकून गदागदा हलायला लागले. प्राचार्य लालबुंद. "मी असा बोलतो?" त्यांनी विचारलं. मुश्ताकभाई खालूनच म्हणाले, "जी सर. हुबेहूब."

तक्रार फाडली गेली. मला ज्ञापन मिळालं, वरिष्ठांची नक्कल केल्याबद्दल. ते मी अजून फ्रेम करून ठेवलंय. सरांना मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडं नेलं, गोळ्या सुरू झाल्या. नोकरी पुरी करून, ठरल्या तारखेला, हार गळ्यात घालून ते घरी गेले. उंदरांची वही मला देऊन गेले.

पुढं काही वर्षांनी पुन्हा एक उन्हाळा वाईट गेला, तेव्हा मी त्यांच्या वाडीला गेले. वेरूळची पर्यटकांची गर्दी मागं टाकली की डावीकडं कच्चा रस्ता आहे. डोंगर करपलेला. शहर मात्र त्याही बाजूला सरकलेलं, मोकळ्या माळावर प्लॉटिंगचे दगड आणि पांढऱ्या फक्कीच्या रेघा. सर लिंबाखाली उभे होते. वाळलेले. हातात काठी, पुढ्यात पुतण्याची पंधरा-वीस मेंढरं, आणि पत्र्याच्या टिपातलं पाणी ते दगडी डोणीत ओतत होते.

"राखण करता काय?" मी विचारलं.

"मला जागल दिली परत," सर म्हणाले. "भावानं स्वतः येऊन दिली. दिवसाची. दुपारी झोप आली की सरू बसते जोडीला. चालतं तेवढं."

वहिनींनी घोंगडी टाकली. मी बसले, सर उभेच. गोळ्या चालू होत्या, पण त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "वयानं बी काही गोष्टी बऱ्या होतात. पडणं कमी झालंय, मॅडम. ज्यांचे जागले शाबूत असतात त्यांना म्हातारपण छळतं. माझे आधीच गेलेले, माझं काय नेणार? उलट थोडी सूट दिली." मग वहिनींकडं वळून म्हणाले, "सरू, घे तो उखाणा."

"येडं लागलं का? म्हातारपणी हाड मोडायचं."

"घे म्हणतो ना. मॅडम आहेत धरायला."

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. डोक्यावरचा पदर नीट केला. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी मांडवात केला असेल तसाच. आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या:

"शंभर मेंढरं मोजली, एक निघालं जास्त,
तुळशीरामरावच निजले मधी, घोंगडं पांघरून मस्त!"

आणि लगेच दोन्ही हात पुढं करून त्या सरांकडं धावल्या. मीही उठले. सरांचे गुडघे जरासे लवले, काठी थरथरली. मग त्या रानात एक आवाज आला. जाडाभरडा, अडखळणारा, वापरात नसलेल्या दाराचा येतो तसा. मेंढरांनी माना वर केल्या. मला कळायला क्षणभर वेळ लागला, की सर हसतायत. एवढ्या वर्षांत ते हसणं मी पहिल्यांदा ऐकत होते. वहिनीही.

"पुन्हा घे," सर म्हणाले. त्यांनी पुन्हा घेतला. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा हसून हसून वहिनीच खाली बसल्या, आणि रडायला लागल्या, आणि मधेच मला म्हणाल्या, "बहिणींना सांगा माझ्या, त्वांड उसवलं म्हणून."

ती शेवटची भेट. परतताना रिक्षा वळणावर आली तेव्हा मी मागं वाकून बघितलं. वहिनी अजून घोंगडीवर बसलेल्या, पदरानं डोळे पुसत. मेंढरं पाण्यावर. आणि शेजारी लिंबाखाली, काठी बाजूला टाकून, अजून हसत, सर उभे होते.